चंद्रभागाबाईंच्या भाकरीची नोंद

धारूरच्या घाटाखाली बोरखोरी नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांना मुलगी पाहायला जायचं असलं, की जीपमध्ये आधी चंद्रभागाबाईंना बसवत. बाकीची मंडळी मुलीचं शिक्षण विचारत, मामाचं गाव विचारत, उंचीसाठी तिला उगाच फडताळावरचा डबा काढायला लावत. चंद्रभागाबाई फक्त एक भाकरी मागत. ती तळहातावर तोलत, कडेनं दाबून बघत, पापुद्रा नखानं उचलून उजेडाकडं धरत आणि निकाल देत. "पाणी कोमट घेतलंय." किंवा "पीठ शिळं हाय." किंवा, फार क्वचित, "करून टाका." त्यांनी 'करून टाका' म्हटलेल्या एकाही घरात पुढं जेवणावरून भांडण झालं नाही, असं गाव सांगतं. बाकीच्या कारणांवरून झालेली भांडणं त्यांच्या खात्यावर धरत नाहीत.

अशा या चंद्रभागाबाईंना स्वतःला भाकरी येत नव्हती.

त्यांचं माहेर माजलगाव धरणाच्या कालव्यावर. पाटाचं पाणी, गहू आणि ऊस. घरात तिन्ही त्रिकाळ पोळ्या. लग्न होऊन त्या डोंगरात आल्या आणि त्यांची ज्वारीशी गाठ पडली. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं आणि ते पीठ गरम असतानाच तळव्यानं रगडावं लागतं. चंद्रभागाबाईंचा हात गरम पाण्याला भ्यायचा. त्या गुपचूप गार पाणी घ्यायच्या, हाताला चिकटू नये म्हणून पिठावर पीठ लावायच्या आणि तुटू नये म्हणून भाकरी जाड ठेवायच्या. ती दिसायला पुनवेच्या चांदासारखी गोल व्हायची. गार झाली की मात्र दाराला अडसर म्हणून लावावी अशी.

पहिल्या उन्हाळ्यानंतर सासूनं चूल परत आपल्या ताब्यात घेतली. "तू म्हशी बघ माय," एवढंच म्हणाली. सासू गेल्यावर भाकरी कोण करायचं, हे गावाला कधी कळलं नाही. त्यांचे यजमान पंडितराव तरणेपणी उसाच्या तोडीला गेले होते. तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत सगळे बाप्येच, म्हणून तिथं ते भाकरी थापायला शिकले. स्वयंपाकाच्या वेळी घराचं दार लागायचं, आतून थापण्याचा आवाज यायचा आणि चंद्रभागाबाई दाराबाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या. आवाज आतून येतोय आणि बाई बाहेर आहेत, हे ज्यांच्या लक्षात यायचं त्यांना त्या सांगत, "आत माजी भाची आलीय." बारा महिने मुक्काम ठोकणारी ही भाची कुणीच पाहिली नाही. पुढं सून आली, शिवकन्या. तिच्या भाकरीला चंद्रभागाबाईंनीच 'करून टाका' म्हटलं होतं. त्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ होता, हे पंडितरावांना त्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी दार उघडलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आता उरला फक्त सप्ता.

ऊसतोडीवरून माणसं परतली, की बोरखोरीत चैत्रात हरिनामाचा सप्ता बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण. जेवणाला आमटी-भाकरी. आमटी आचारी करतो, भाकरी घरोघरच्या. सगळ्या घरांच्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका पांढऱ्या धोतरावर ओततात, त्यावर दुसरं धोतर टाकतात आणि त्यातूनच वाढतात.

या भाकरी घरातल्या थोरल्या बाईनंच थापायच्या, असा नियम आहे. नियम चंद्रभागाबाईंनीच केला. समोरच्या घरातली त्यांची चुलत जाऊ रुक्मिणीबाई एका वर्षी सुनेला चुलीपुढं बसवून स्वतः कीर्तनात पहिल्या ओळीत जाऊन बसली होती. चंद्रभागाबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी भोंग्यावरून जाहीर केलं, की सप्त्याची भाकर थोरल्या बाईच्याच हातची पाहिजे, आणि चुली घरापुढं उघड्यावर मांडल्या पाहिजेत, म्हणजे कुणाला चोरी करता येणार नाही. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या घरातली थोरली बाई आपणच.

पण ट्रॉलीनं सांभाळून घेतलं. घरापुढं चुलीवर बसलेल्या चंद्रभागाबाई लांबून झकास दिसायच्या. भाकरी ढिगात पडली, की ढिगाची व्हायची. एका वर्षी कीर्तनकार महाराजांची दाढ हलली. महाराजांनी अर्धी भाकरी वर धरून विचारलं, "ही कोणत्या माउलीची?" तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज चंद्रभागाबाईंचाच होता. "लाज कशी वाटत न्हाई बायांना! देवाच्या दारात दगडं वाढायल्यात!" महिला मंडळाचं अध्यक्षपद त्यांना त्याच वर्षी मिळालं.

मागच्या वर्षी तेलाचे दोन डबे हरवले. चंद्रभागाबाईंनी पुन्हा भोंगा हातात घेतला. "हिशोब खुल्ला पाह्यजे! दान कुठून आलं, कुणाच्या पोटात गेलं, समदं गावाला दिसलं पाह्यजे!" डबे चार दिवसांनी तबल्याच्या खोलीत सतरंजीखाली सापडले, पण तोवर हे भाषण मोबाइलवरून पुण्याला आणि मस्कतला पोचलं होतं. मस्कतला क्रेन चालवणारा गावचा तानाजी दरवर्षी सप्त्याला मोठी रक्कम पाठवतो. त्यानं कळवलं, की चंद्रभागाकाकू म्हणतात तसा खुला हिशोब होणार असेल तरच पैसे. आणि रुक्मिणीबाईचा मुलगा बजरंग, जो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, म्हणाला, "मी करतो."

या वर्षी पाडव्याला मारुतीच्या मंडपात बैठक बसली. बजरंगनं चादरीवर चित्र पाडून ब्लॉकचेन समजावून सांगितली.

"एक वही हाय आसं समजा. पण तिची नक्कल हजार लोकांच्या घरी. एका जागी कुणी खाडाखोड केली, की बाकीच्या समद्या वह्या बोंबलत्यात. लिवलेलं पुसता येत न्हाई."

"आशी वही आपल्या गावात पैल्यापास्नं हाय," आचारी बद्रीनाथ म्हणाला. "पारापुढच्या ओट्यावर बसती. शेंगा सोलीत."

बायकांच्या बाजूनं हशा झाला. चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. ओटा त्यांचाच होता.

"आन् पैसा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तानाजीभाऊ क्रिप्टोत पाठवणार. म्हंजी आकड्यातला पैसा. डाळ तोलली, तिची नोंद पडली, की तेवढाच पैसा सुटतो."

"दिसतो का?"

"न्हाई."

"हातात येतो का?"

"न्हाई."

"मग आमच्या पंचांनी खावा कसा बे?"

"तेच तर, आबा!"

पंचांपैकी दोघांनी मान डोलावली. दोघांनी डोलावली नाही.

इथवर चंद्रभागाबाई खुशीत होत्या. मग बजरंग म्हणाला, "पैशाचं झालं. आता भाकरीचं. भाकर बी दानच हाय. तिची बी नोंद पाह्यजे. या साली ट्रॉली न्हाई. परतेक घराची येगळी दुरडी. दुरडीला पुठ्ठा बांधायचा, किराणा दुकानात पैसे द्यायला आसतो तसला ठिपक्यांचा कोड त्याच्यावर. वाढपी दुरडी उचलताना कोड मोबाइलला दाखवणार. मग मोठ्या पडद्यावर त्या घरचं नाव येणार. खाणाऱ्याला कळणार, आपण कुणाच्या हातचं खायलोय. मस्कतला बी दिसणार."

चंद्रभागाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नाई," त्या उठून म्हणाल्या. "दान गुप्त आसावं. थोर लोकं सांगून गेल्यात."

"काकू," बजरंग भक्तिभावानं म्हणाला, "हे समदं तुमच्याच भाषणावरनं केलंय." आणि त्यानं मोबाइलवर ते भाषण लावलं. मंडपात त्यांचाच आवाज घुमला. दान कुठून आलं, कुणाच्या पोटात गेलं, समदं गावाला दिसलं पाह्यजे! लोकांनी दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या. रुक्मिणीबाईनं सगळ्यांत जास्त.

घरी येऊन त्यांनी पंडितरावांना गाठलं. "अवं, काल्याच्या दिशी तुमी बसता का चुलीवर? पदर घेऊन?"

"माजा वीणेचा पहारा हाय त्या येळी," पंडितराव म्हणाले. "वीणा खाली ठिवता येत न्हाई. आन् मिशा?"

"मिशा काय, काढता येत्यात."

"चंद्रभागे, तू गरम पाण्यात हात घालायला शीक."

मग शिकायचं ठरलं. गावाला दिसू नये म्हणून सासू-सुना पीठ, परात आणि तवा घेऊन शेतातल्या गोठ्यात जाऊ लागल्या. कपिलधारला दर्शनाला जाऊन येतो असं सांगून निघायच्या आणि अंगाला धुराचा वास घेऊन परतायच्या. शिवकन्या उकळतं पाणी ओतायची. चंद्रभागाबाई हात पुढं न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि हात मागं घ्यायच्या.

"आत्या, घाला हात. पळीनं कालवून घ्या आदी."

"घालते की. दम धर. वाफ जाऊ दे."

"वाफ गेल्यावर काय उपेग?"

"तू मला शिकवायलीस? मी इतक्या पोरी पास केल्यात."

"मला बी तुमीच पास केलंय, आत्या. म्हणून तर सांगायले."

एक भाकरी झाली ती शिवकन्येनं कालवडीपुढं टाकली. कालवडीनं ती हुंगली, नाकानं बाजूला सारली आणि खुंट्याचं दावं चघळायला लागली. शिवकन्येनं तोंडावर पदर घेतला.

"कावून हसायलीस?"

"न्हाई. खोकला."

जनावरानंही निकाल दिल्यावर चंद्रभागाबाईंनी शिकणं सोडलं आणि विचार करायला सुरुवात केली.

काल्याच्या दिवशी सकाळीच गल्लीत चुली पेटल्या. थपथप सुरू झाली. समोर रुक्मिणीबाई बसली होती. तिची भाकरी अशी पातळ, की तव्यावर फुगली की टोपीसारखी उभी राहायची. तिची दुरडी भरली, फडकं झाकलं गेलं, पुठ्ठा सुतळीनं बांधला गेला. चंद्रभागाबाईंचीही भरली. ती उचलायला दोन माणसं लागली. "काकूंनी जास्तीच्या केल्यात," वाढपी कौतुकानं म्हणाले.

सगळ्या दुरड्या शाळेच्या व्हरांड्यात मांडल्या. कीर्तनात दहीहंडी फुटायची वेळ झाली तसा सगळा गाव मंडपाकडं पळाला. व्हरांड्यात राखणीला महिला मंडळाच्या अध्यक्षा तेवढ्या थांबल्या. काय करायचं ते त्यांनी पुठ्ठा बांधतानाच ठरवलं होतं. यंत्राला पुठ्ठा कळतो, भाकरी कळत नाही. त्यांनी दोन सुतळ्यांच्या गाठी सोडल्या आणि आपला पुठ्ठा रुक्मिणीच्या दुरडीला, रुक्मिणीचा आपल्या दुरडीला बांधला. रुक्मिणीचं काय होईल, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण तिचं नाव एवढं मोठं, एका दुरडीनं काय बिघडतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. शिवाय त्या दिवशी मंडपात तिनं फार टाळ्या वाजवल्या होत्या.

तिकडं बद्रीनाथच्या चुलवणावर वेगळीच अडचण उभी राहिली होती. पडद्यावर भाकरीचं नाव येणार, ही बातमी आसपासच्या गावांत पोचली होती. नेहमीच्या दुप्पट माणूस जेवायला आला होता. दरवर्षी असं झालं की बद्रीनाथ कोठीतून आणखी एक पोतं डाळ ओढायचा. आता कोठीला नोंद होती. नोंदीबाहेरची डाळ काढायची तर तानाजीची मंजुरी लागणार होती, आणि तानाजी त्या वेळी क्रेनवर होता.

"तेल वाढवू का?" त्यानं विचारलं.

"नोंद हाय," बजरंग म्हणाला.

"मीठ? मसाला?"

"समद्याची नोंद हाय."

"पाण्याची?"

बजरंगनं मोबाइल वरपासून खालपर्यंत बघितला. "पाण्याची न्हाई."

"मग आण बे टँकर हिकडं," बद्रीनाथ गड्याला म्हणाला. हिशोब एका दाण्याचाही न चुकता आमटी सगळ्यांना पुरली. पातेल्यात वाकून पाहिलं तर तळाचा कारखानदाराचा शिक्का वाचता येत होता.

पहिली पंगत बसली. वाढप्यानं एक दुरडी उचलली, कोड मोबाइलला दाखवला आणि पडद्यावर झेंडूच्या फुलांच्या चौकटीत अक्षरं उमटली. 'सौ. चंद्रभागाबाई पंडितराव यांच्या घरची भाकरी.' ती रुक्मिणीबाईची होती. चंद्रभागाबाई पदर नीट करून उभ्या राहिल्या. लोकांनी भाकरी कुस्करली आणि वरून आमटी ओतली. आमटी पडली आणि भाकरी नाहीशी झाली. एकानं पत्रावळीत बोट फिरवून पाहिलं.

"भाकर कुठं गेली बे?"

"इथंच होती आता."

"ही काय भाकर म्हनायची का टिकली?"

"चंद्रभागाकाकूंची हाय म्हनं."

"मग त्यांनी नुसता तवाच दाखवलाय पिठाला."

अख्खी ओळ पत्रावळी तोंडाला लावून आमटी पिऊ लागली. दुरडीमागून दुरडी गेली, गावातल्या सगळ्याच भाकऱ्यांची हीच गत झाली, पण पहिलं नाव लोकांच्या लक्षात राहिलं. मस्कतहून तानाजीचा निरोप पडद्याखालच्या पट्टीत सरकत गेला. 'काकूंच्या भाकरीची पाहणी करावी.' तो क्रेनवरून उतरला होता, पण त्यानं डाळीआधी भाकरीकडं लक्ष दिलं.

चंद्रभागाबाईंचा चेहरा उतरला. एवढी सुंदर भाकरी आपल्या नावावर यावी आणि तिनं अशी बेइज्जती करावी, हे त्यांच्या गणितात नव्हतं.

शेवटची दुरडी सुंदररावांच्या पंगतीला आली. सुंदरराव माजलगावकडचे पुढारी. पांढरा सदरा, मागं चार माणसं. बाकी दुरड्या हलक्या म्हणून वाढप्यांनी आधी नेल्या होत्या आणि ही जड मागं राहिली होती. कोड दाखवला. 'सौ. रुक्मिणीबाई यांच्या घरची भाकरी.' सुंदररावांनी भाकरी मोडायला घेतली. मोडेना. त्यांनी मागच्या माणसाकडं दिली, त्यानं गुडघ्यावर मोडून परत दिली. वर आमटी ओतली. सुंदररावांनी वाट पाहिली. भाकरी उभीच होती. आणखी आमटी मागवली. भाकरीनं ती सगळी पिऊन घेतली, थोडी मऊ झाली आणि तरीही जागेवरून हलली नाही.

त्यांनी घास घेतला. सकाळपासून त्यांनी तीन गावांत तीन आमट्या प्यायल्या होत्या, जेवण म्हणावं असं दाताखाली काही आलं नव्हतं. ते चावत राहिले. पंगतीतली सगळीच माणसं चावत राहिली. चावण्याचा आवाज मंडपात ऐकू येऊ लागला. उठून गेलेली माणसं परत येऊन बसली.

"हिला म्हनावं भाकर!" सुंदरराव म्हणाले. पुढाऱ्याला भोंगा आपोआप सापडतो, तसा तो त्यांना सापडला. "बंधू-भगिनींनो, या भाकरीत दम हाय! इतकी आमटी अंगावर घेऊन बी ही भाकर मोडली न्हाई! असा माणूस आज राजकारणात शोधून सापडत न्हाई! कोण ह्या रुक्मिणीबाई? त्यांना साडी-चोळी माझ्याकडनं."

माणसं शिट्ट्या वाजवायला लागली. पट्टीवर मस्कत, पुणे, भोसरी सगळीकडून हात जोडलेली चित्रं सरकली. बजरंगनं तिथल्या तिथं सन्मानाची नोंद केली आणि आईला मंचावर आणलं.

रुक्मिणीबाई गोंधळली होती. तिनं दुरडीतला एक तुकडा उचलून पाहिला, हातावर तोलला आणि जावेकडं बघितलं. आपल्या हातून अशी भाकरी झोपेतही होणार नाही, हे तिला कळलं. आता ती खरं बोलते की काय, म्हणून चंद्रभागाबाईंनी पदर तोंडावर ओढला. रुक्मिणीबाईनं साडी हातात घेतली, तिचा काठ बघितला. काठ चांगला होता.

"आमच्या घरी पैल्यापास्नं आशीच आसती," ती भोंग्यात म्हणाली. "माज्या आजीची रीत हाय."

चंद्रभागाबाईंना नंतर कधी विचारलं तर त्या सांगतात, की साडीचं काही वाटलं नाही. पण गार पाण्याची, पिठावर पीठ लावण्याची, आयुष्यभर लपवलेली ती रीत हिच्या आजीची? माणसांची गर्दी हातानं बाजूला सारत त्या मंचावर चढल्या आणि त्यांनी जावेच्या हातून भोंगा ओढला.

"ती दगडं माजी हायत!"

चावणारी सगळी तोंडं मंचाकडं वळली.

"काय म्हनायलीस अक्का?" रुक्मिणीबाई म्हणाली.

"ती दगडं माजी हायत! तुजी भाकर पातळ! पान्यात जाती! मी पुठ्ठं बदललं. मला लाज वाटत हुती म्हून बदललं. महाराजांची दाढ बी मीच हलवली! पर ही भाकर माजी हाय, ती मी कुणाला द्यायची न्हाई!"

"कशावरनं तुजी?"

तेव्हा शिवकन्या पुढं आली. तिनं दुरडीतली एक भाकरी घेतली, भोंग्यापाशी स्टीलचं ताट धरलं आणि भाकरी वरून सोडली. टण्ण असा आवाज घाटापर्यंत गेला असावा. "आत्याचीच," ती म्हणाली. "आमच्या गोठ्यातल्या कालवडीला बी वळखू येती."

तरी काहींना शंका होती. वीणा नुकतीच खाली ठेवलेले पंडितराव मग मंचावर आले. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. त्यांचा जबडा बराच वेळ हलत होता.

"हीच," शेवटी ते म्हणाले. "लग्नानंतरचा पैला उन्हाळा. ही चव इसरत न्हाई माणूस."

सगळ्यांनी बजरंगकडं पाहिलं. बजरंग आईकडं बघायचं टाळत होता.

"काकू, पैली नोंद आता पुसता येत न्हाई. मी काय, कुणीच पुसू शकत न्हाई. तिच्याखाली नवी तेवढी जोडता येती."

"मग जोड."

"काय लिहू?"

"जे झालंय ते लिव. मीच म्हनले हुते ना, समदं दिसलं पाह्यजे?"

त्यानं लिहिलं. 'दोन दुरड्यांचे पुठ्ठे चंद्रभागाबाईंनी बदलले. न विरघळणारी भाकरी त्यांचीच.' ही नोंद आता जगात हजारो ठिकाणी आहे आणि ती खोडायची तर हजारो घरं फोडावी लागतील. मस्कतहून तानाजीनं लगेच कळवलं, की नोंद मान्य आहे, आणि अशा चार भाकरी कुणी येणाऱ्याबरोबर पाठवाव्यात, प्रवासात त्यांना काही होणार नाही. सुंदररावांनी निवाडा केला. साडी अक्काला, खण रुक्मिणीबाईला. दोघी जावांनी एकमेकींच्या हातून ते ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाई परडी घेऊन ओट्यावर आली. आली ती साडीवरून भांडायला, असं चंद्रभागाबाईंना वाटलं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "पानी गार घेतीस का गं?"

"ते सांगायचं न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"अगं, पर काल तर म्हनलीस, समदं खुल्लं पाह्यजे."

"दानाचं खुल्लं पाह्यजे. पिठाचं कोन म्हनलं?" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आतून थपथप ऐकू येऊ लागली. चार दिवस झाले तरी ती थांबेना. बोरखोरीच्या पंचांनी पुढच्या सप्त्याला चंद्रभागाबाईंच्याच भाकरी मुख्य पंगतीला ठरवल्या होत्या आणि त्या म्हणत होत्या, हाताला सवय राहिली पाहिजे. शिवकन्येकडचा तवा त्यांनी काढून घेतला होता. तिन्ही वेळा त्या स्वतः बसत होत्या. गार पाणी घेऊन, पिठावर पीठ लावून.

पंडितराव ताटावर बसले. ताटात भाकरी आली. त्यांनी ती मोडायला घेतली, मग परत ठेवली, दाराकडं बघितलं, दार बंद होतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "आमटी जरा पातळ करत जा."